आमचं गाव धरणात गेलं नव्हतं

जानेवारीत चहाच्या सुट्टीत मी एक खोटं बोलले. ते जूनपर्यंत टिकलं. आता ज्यांच्याशी खोटं बोलले त्यांना खरं सांगून झालं आहे, तरी मन हलकं होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी इथे कुवेतमध्ये एका खासगी शाळेत बालवर्गाची मदतनीस आहे. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, सांडलेलं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं ही माझी कामं. मुलं मला आंटी म्हणतात. आमचे हे शुवैखला एका गॅरेजात गाड्या रंगवतात. नऊ वर्षं वर्गाच्या भिंतीला टेकून उभी राहिल्यामुळे मला इंग्रजी समजायला लागलं आहे, थोडी अरबीही. बोलायचं म्हटलं की मात्र शब्द अडतात. माझं मराठीतही तसंच आहे. गणपतीला इथल्या मराठी बायका एकत्र जमतात तेव्हा मी पुऱ्या लाटायला बसते, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही.

आमच्या वर्गाच्या बाई कॅनडाच्या. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, पाठीवर एक जाड काळी वेणी. त्या आल्या तेव्हा पालकांनी कुरकूर केली होती. कॅनडाची बाई येणार म्हणून फी भरली आणि ही तर फिलिपिनो दिसते, असं एक आई ऑफिसात जाऊन म्हणाली. दुसरीने बाईंनाच तोंडावर विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" बाई म्हणाल्या, "कॅनडाच्या. कॅनडा नव्हता तेव्हापासूनच्या." मग त्यांनी सांगितलं की त्या क्री आहेत. उत्तरेकडच्या जंगलांत आणि तलावांकाठी त्यांचे लोक राहतात. गोरे आल्यावर त्यांना इंडियन म्हणायला लागले. हे ऐकून मी दाराशी उभी होते तिथेच हसले. बाईंनी माझ्याकडे बोट करून त्या आईला सांगितलं, "खरी ही. आमच्यावर चुकून शिक्का बसला."

दुसऱ्या अरबीच्या बाई. त्या पॅलेस्टिनी, पण जन्म इथलाच, कुवेतचा. त्यांचे वडील इथे मास्तर होते. इराकच्या लढाईच्या वर्षी सगळं घर अम्मानला गेलं, तिथे त्यांचं लग्न झालं, आणि बऱ्याच वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीबरोबर त्या परत आल्या. बारीक अंगाच्या, बोलायला तिखट. लहानपणी हिंदी सिनेमे बघून त्यांना मोडकं हिंदी येत होतं. मला त्या 'बहन' म्हणायच्या, कधी 'या उख्ती' म्हणायच्या. अर्थ एकच.

दहा वाजता मुलं खेळाच्या बाईंबरोबर मैदानात जायची. तेवढी वीस मिनिटं या दोघी मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायच्या आणि चहा प्यायच्या. मी सिंकशी रंगाच्या वाट्या धुवत असायचे. त्यांचा एक खेळ होता. कुणाच्या लोकांचं जास्त वाईट झालं, ते ठरवायचं. जी जिंकेल तिच्या हातावर दुसरीने मुलांचं सोनेरी चांदणीचं स्टिकर लावायचं. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. मलाही आधी वाटलं. पण त्या दोघी इतक्या हसायच्या की बाहेरून कुणी आलं तर त्यांना वाटावं साड्यांचं काहीतरी चाललंय.

"आमच्या आजीच्या घरात दोन खोल्यांत सोळा माणसं," कॅनडाच्या बाई म्हणायच्या. "घर सरकारचं. भिंतीला बुरशी. जमीन आमची म्हणतात, पण तिच्यावर बँक पैसे देत नाही."

"सोळाच? आमच्या मावशीचं निर्वासितांच्या कॅम्पात घर. बाजूला वाढवायला जागा नाही म्हणून वर वर बांधत गेले. सगळ्यात वर माझा मामा. तो म्हणतो, मी देवाचा शेजारी आहे."

"पाणी?"

"छतावर काळ्या टाक्या. नळाला येईल त्या दिवशी भरायच्या."

"आमच्याकडे चारी बाजूंना तलाव. आणि नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका अशी नोटीस. मी शाळेत होते तेव्हापासून ती नोटीस लागलेली आहे. मी मोठी झाले, नोटीस काढली नाही."

"हा डाव तुझा. तलाव असून उकळायचं म्हणजे जास्त वाईट. दे हात."

आणि स्टिकर लागायचं.

सगळ्यात जास्त त्या शाळेवरून बोलायच्या. कॅनडाच्या बाईंच्या आजीला लहानपणी सरकारच्या निवासी शाळेत उचलून नेलं होतं. तिथे केस कापले, आपली भाषा बोलली की मार. आजी परत आली ती घरात कुणाशी फारसं बोलेनाच. बाई स्वतः आपली भाषा मोठेपणी मावशीकडून शिकल्या, तीसुद्धा अर्धीमुर्धी. अरबीच्या बाईंचं उलटं होतं. त्यांचे वडील म्हणायचे, जमीन काढून घेता येते, शिकलेलं काढून घेता येत नाही. खायला कमी पडलं तरी मुलींची फी भरायचे. "तुमचं शाळेनं नेलं, आमचं शाळेनं राखलं," अरबीच्या बाई एकदा म्हणाल्या. त्या दिवशी स्टिकर कुणालाच मिळालं नाही.

पगाराचा विषय मात्र दोघी टाळायच्या. कॅनडाच्या पासपोर्टवर आलेल्या बाईंना शाळा फ्लॅट देते, वर्षाचं विमानाचं तिकीट देते. इथेच घेतलेल्या अरबीच्या बाईंना यातलं काही नाही, आणि शिकवून झालेली वर्षं त्यांची जास्त. एकदा कॅनडाच्या बाई म्हणाल्या, "माझ्या घरी मी सगळ्यात खालची. विमानात बसले आणि गोरी झाले." अरबीच्या बाई म्हणाल्या, "मग दोन दिवस माझ्याशी पासपोर्ट बदल. मी माझ्या आईचं गाव बघून येते. तुला माझ्या कागदावर फक्त विमानतळावरची चौकशीची खोली बघायला मिळेल." कॅनडाच्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्या आजीचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं, तरी त्या काठाशी जाऊन उभ्या राहू शकत होत्या. अरबीच्या बाईंना तेवढंही नव्हतं.

हे मी सगळं ऐकत होते. माझ्याकडे कुणी वळून विचारलं नव्हतं आणि मला ते बरंच वाटत होतं.

जानेवारीतल्या त्या दिवशी कॅनडाच्या बाई धरणाचं सांगत होत्या. विजेसाठी मोठी नदी अडवली. आजीच्या लोकांचं जुनं गाव, सापळे लावायच्या वाटा, पुरलेली माणसं, सगळ्यावर पाणी चढलं. पुढे माशांत विष उतरलं. डॉक्टर सांगायला लागले, मासे कमी खा. "मासे कमी खा!" त्या म्हणाल्या. "म्हणजे अरबांना म्हणायचं, भात कमी खा."

धरण हा शब्द मी इंग्रजीत ओळखते. माझ्या हातातली वाटी सिंकमध्ये पडली.

"काय झालं, बहन?" अरबीच्या बाईंनी विचारलं. "तुमच्याकडेही आहे का धरण?"

मी मान हलवली. आहे. हे खरं होतं.

"गावं बुडाली?"

पुन्हा मान हलवली. हेही खरं.

"तुझं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. नऊ वर्षांत त्या वर्गात कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "यस."

अरबीच्या बाई उठल्या. त्यांनी माझे ओले हात धरले आणि मला खाली छोट्या खुर्चीवर बसवलं. कॅनडाच्या बाईंनी आपल्या हातावरचं स्टिकर सोडवून माझ्या मनगटावर चिकटवलं. "आज हिचं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं गप्प राहिली. ही आपल्या दोघींच्या पुढची आहे."

त्या वेळी मला लाज वाटली नाही. हेच मला आता सगळ्यात जास्त खुपतं. मला बरं वाटलं.

त्यानंतर रोज माझ्यासाठी तिसरी खुर्ची ओढलेली असायची. त्या विचारायच्या आणि मी सांगायचे, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. शब्द अडत नव्हते. मी सांगितलं की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमच्या देवळाचा कळस वर दिसतो आणि लोक होडीतून जाऊन त्याला हळदकुंकू लावतात. सांगितलं की आम्ही डोंगरातली माणसं, नाचणीची भाकरी खाणारी, आणि सरकारने आम्हाला सपाटीवर ज्वारीच्या मुलखात आणून टाकलं. सांगितलं की ट्रकमध्ये चढताना आजीने उंबऱ्याचा दगड बरोबर घेतला आणि नव्या घराला तो बसेना, म्हणून ती त्याच्यावर नुसती बसून राहायची. त्या दगडाचं ऐकून अरबीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आईने गाव सोडताना घराची किल्ली बरोबर आणली होती.

यातलं एकही माझं नव्हतं. कळस माझा नव्हता, दगड माझा नव्हता. हे सगळं मला तिसरीत आणि चौथीत माझ्याशेजारी बसणाऱ्या एका मुलीने सांगितलं होतं.

आमचं गाव धरणात गेलं नव्हतं. आमचं गाव धरणाच्या खाली आहे. त्या धरणातून जो कालवा निघतो त्याचं पाणी आमच्या शेताला मिळालं. ज्वारीच्या जागी ऊस आला, माझ्या वडिलांनी, आबांनी, घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकला, माझ्या लग्नात गळ्यात सोनं घातलं. ज्यांची गावं बुडाली त्यांच्यातली काही घरं सरकारने आमच्या शिवेवर आणून वसवली. ज्यांच्या शेताला पाणी मिळालं त्यांनी त्यांना थोडी थोडी जमीन द्यायची असा कायदा होता. आबांनी तलाठ्याला धरून खडकाची पट्टी दाखवली. बाकीच्यांनीही तेच केलं. त्यांच्या त्या ओळीतल्या घरांना आम्ही वसाहत म्हणायचो आणि माणसांना धरणवाले. धरणवाली पोरं, धरणवाल्यांची म्हैस. भाकरी काळी असते म्हणून शाळेत मुलं त्या मुलीचा डबा उघडून नाक दाबायची. मी दाबलं नाही, पण तिच्या शेजारून उठून दुसरीकडे बसले, दोन दिवस. मग आमच्या शाळेच्या बाईंनी परत बसवलं.

चौथीनंतर शाळा दुसऱ्या गावाला होती. आबांनी मला पाठवलं नाही. ती गेली. त्यांच्या सगळ्याच मुली जायच्या. आई म्हणायची, "त्यांना काय, शेत न्हाय, शिवार न्हाय, पाठवतील न्हाय तर काय करतील." मला काम मिळालं ते विहिरीचं.

वसाहतीतल्या बोअरचं पाणी मचूळ होतं. त्याच्यात डाळ शिजायची नाही. त्यांच्या बायका दुपारी, आमच्या बायका घरी असतील तेव्हा, आमच्या मळ्यातल्या विहिरीवर यायच्या. दोर आणि पोहरा त्या आपला आणायच्या, विहिरीवर कप्पी आमची होती. आबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, ही त्यांची रीत. ते मला म्हणाले, "बारा वाजले की कप्पी काढून घरला आणत जा. कुणी इचारलं तर म्हण, बिघाडलीया." मी अकरा वर्षांची होते. ती लोखंडी कप्पी परकराच्या ओच्यात घालून मी रोज घरी न्यायचे आणि चार वाजता परत लावायचे. पूर्ण उन्हाळा.

एक दिवस ती मुलगी आणि तिची आई वाटेत भेटल्या. तिला शाळेला सुट्टी होती. माझ्या ओच्याला काय जड आहे ते दोघींना दिसत होतं.

"कप्पी कुठं चाललीय गं?" तिच्या आईने विचारलं.

"बिघाडलीया," मी म्हटलं. "आबा नीट करणार हाईत."

"रोजच बिघाडती व्हय," तिची आई म्हणाली. रागाने नाही. जसं पाऊस लांबला म्हणतात तसं.

त्या दोघींनी काठाच्या दगडावरून दोर ओढून पाणी काढलं. मी घराच्या कोपऱ्यावरून बघत होते. भरलेला पोहरा वर येताना दोर एकदम सुटला आणि तिच्या हातातून सरसर गेला. ती ओरडली नाही. हात तोंडाशी धरून फुंकत राहिली. पुढे शाळा सुरू झाल्यावर ती आमच्या मळ्याच्या कडेने पाचवीच्या गणवेशात जायची आणि मी विहिरीवर बसलेली असायचे. मला तिचा राग यायचा. मी मनात म्हणायचे, बरं झालं कप्पी काढली.

हे मी त्या दोघी बाईंना सांगितलं नाही. मी त्यांना कळसाचं सांगितलं.

मे महिन्यात कळलं की अरबीच्या बाईंच्या नवऱ्याची नोकरी गेली. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर होता. शाळेने आपल्या नावावर घ्यायचं ठरवायला वेळ लावला आणि शेवटी घेतलं नाही. शाळा संपली की त्या अम्मानला जाणार होत्या. इथे जन्मून दुसऱ्यांदा त्यांचं सामान बांधलं जात होतं. कॅनडाच्या बाई ऑफिसात जाऊन भांडल्या. अरबीच्या बाई म्हणाल्या, "राहू दे. तू भांडलीस तर तुझं तिकीट जाईल, माझं काही येणार नाही."

शेवटच्या आठवड्यात मुलं लवकर जायची. एका दुपारी आम्ही तिघी भिंतीवरचे तक्ते उतरवत होतो. अरबीच्या बाईंनी पिशवीतून काळ्या कापडाचे दोन तुकडे काढले. लाल टाक्यांनी भरलेले. त्यांच्या आईच्या एका झग्याचा छातीवरचा भाग, मधून कापून दोन केलेला. प्रत्येक गावाची टाक्यांची नक्षी वेगळी असते, त्या म्हणाल्या. हे बघून माणूस कुठल्या गावचं ते आमच्या बायका सांगतात. आईने लग्नाआधी भरलं होतं. मला मुलगी नाही, सुनेला याचं काही नाही.

"कापलं कशाला?" कॅनडाच्या बाईंनी विचारलं.

"एकटीने किती वागवू," त्या म्हणाल्या. "जिला कळतं तिच्याकडे असावं. एक तुला. एक हिला."

कॅनडाच्या बाई तोंडाला तुकडा लावून रडल्या. मी माझा हातात घेतला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी "थँक यू" म्हटलं आणि तो डब्याच्या पिशवीत ठेवला.

घरी यांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. रंगाचं काम करणारा माणूस, त्यांना कळतं. म्हणाले, "केवढी मेहनत आहे गं ही. तुला कशाबद्दल दिलं?"

मी म्हटलं, "असंच. जाणार आहेत म्हणून."

"असंच कुणी आईचं कापत नाही," हे म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

दोन दिवस मी तो तुकडा कपाटात, बॅगेत, पुन्हा कपाटात ठेवत होते. कुठेही ठेवला तरी तो चोरीचा दिसायचा. तिसऱ्या दिवशी मी तो शाळेत परत नेला. दोघी वर्गातच होत्या. अरबीच्या बाई खुर्च्या एकात एक रचत होत्या, कॅनडाच्या बाई खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मी तुकडा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर बोलता आलं नसतं. भाषा अपुरी होती, म्हणून सगळं उघडं उघडं बाहेर आलं. माय व्हिलेज नॉट गॉन. दुसऱ्या मुलीचं गेलं. मी तिचं सांगितलं. आमच्या विहिरीला ते पाणी मागायला आले. मी दिलं नाही. कप्पीला इंग्रजीत काय म्हणतात मला माहीत नव्हतं, मी हाताने चाक फिरवून दाखवलं आणि ओच्यात घालून दाखवलं.

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"तू किती वर्षांची होतीस?" कॅनडाच्या बाईंनी विचारलं.

"अकरा."

त्यांनी चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही धरणाखालचे लोक वाईट नव्हते. त्यांना दिवे पाहिजे होते. माझ्या आजीला कुणी शिवी दिली नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच." त्या माझी बाजू घेत होत्या की मला माझी जागा दाखवत होत्या, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही.

अरबीच्या बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. हिंदीत विचारलं, "तो दगड? आजीचा?"

"तिच्या आजीचा."

"मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं त्या दगडाचं. ती रडली."

मी टेबलावरचा तुकडा त्यांच्याकडे सरकवला.

"त्या मुलीला सांगितलंस हे? कप्पी बिघडली नव्हती म्हणून?"

"नाही."

"कधीच?"

"नाही. तिला माहीतच असणार."

"माहीत असणं वेगळं," त्या म्हणाल्या. "मग मला कशाला सांगतेस? मी कोण? मी काय तिच्या वतीने तुला माफ करू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात मुलाने दुसऱ्याला चावलं की त्या असंच बोलायच्या, त्याच्यासमोर वाकून. "आमच्या घरात आज जे राहतात ना, त्यांच्यातलंही कुणीतरी येईल एखाद्या दिवशी, आणि दुसऱ्याच कुठल्या बाईला सांगून रडेल. माझ्याकडे नाही येणार."

त्यांनी तुकडा घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली. मग त्या उरलेल्या खुर्च्या रचायला लागल्या. मीही लागले. ते माझं कामच होतं. जाताना त्यांनी माझ्या गालाला गाल लावला, दोन्ही बाजूंनी, जसा त्या सगळ्यांना लावतात. 'उख्ती' म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर आठवड्याने शुक्रवारी सकाळी मी भावाला फोन केला. धाकटा आहे, गावाकडचं सगळं तोच बघतो.

"बोल आक्का. तिकडं लई ऊन म्हणं?"

मी म्हटलं, ऊन आहेच. मग त्या मुलीचं विचारलं. चौथीत माझ्याबरोबर होती ती. कुठे दिली, आता कुठे असते.

"कुठली गं?"

"वसाहतीतली."

"धरणवाल्यांची?" तो हसला. "त्यांच्या पोरी कुठं दिल्या आपल्याला काय ठावं. एक मास्तरीण हाय म्हणत्यात, एक नर्स हाय. तीच का दुसरी, काय म्हाईत."

"जाऊन विचार की."

"कुठं?"

"वसाहतीत."

"मी? वसाहतीत?" तो खरोखर गोंधळला होता. "आपलं कोण जातंय का तिकडं? मतं मागाया गेलो तरी रस्त्यावरच उभं ऱ्हातो. तुला काय काम काढलंय तिच्याशी इतक्या वर्षांनी?"

आमच्या विहिरीपासून वसाहत तीन शेतं लांब आहे. भाऊ चाळिशीला आला आणि तिथल्या एका घरात कधी गेला नाही. मीही गेले नाही. बुडालेल्या देवळाच्या कळसाला हळदकुंकू कसं लावतात ते मी दोन परक्या बायकांना हात हलवून दाखवलं, आणि त्या मुलीच्या घराचं दार कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही.

"मी जुलैत येतेय," मी म्हटलं. "मीच जाईन."

"बरं. ये की." मग आवाज खाली करून म्हणाला, "आबा सोप्यात बसून असत्यात सारा दिवस. तिकडं निघालीस की इचारतील, कुठं चाललीस. त्यांना काय सांगणार?"

मी म्हटलं, तिकीट काढलेलं आहे.

"ते झालं," तो म्हणाला. "आबांना काय सांगणार?"

त्याने वाट बघितली, मग पावसाचं विचारलं, इकडे पाऊस नसतो हे विसरून, आणि फोन ठेवला.